सोळावर पान मागायला शिकलो : ब्लॅकजॅकच्या कार्डाचा सात महिन्यांचा अनुभव

न्यू जर्सीतल्या एडिसनहून कॅसिनोंची अटलांटिक सिटी गाडीने दीडेक तास. मित्रांच्या नादाने तीनदा ब्लॅकजॅक (21 च्या वर न जाता डीलरहून, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याहून, जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ) खेळलो, तिन्ही वेळा हात हलवत परतलो. मग दोन-तीन डॉलरचं, पाकिटात मावणारं स्ट्रॅटेजी कार्ड घेतलं. वरच्या ओळीत डीलरचं उघडं पान, डावीकडे आपला हात, आणि जुळणाऱ्या चौकटीत उत्तर: पान घ्या, थांबा, पैज दुप्पट करा, जोडी फोडा (तितकीच आणखी पैज लावून दोन वेगळे हात करा). हा हिशेब 1956 साली अमेरिकन लष्करातल्या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर मांडून छापला होता.

पाठांतराचं म्हणाल तर पाढे घोकलेल्यांना काहीच नाही. रोज रात्री जेवणं उरकली की पत्ते पिसायचे, बायको डीलर. तीन आठवडे पुरले. घोळ व्हायचा तो 12 वर (डीलरचं 4, 5, 6 असेल तर थांबा, 2 किंवा 3 असेल तर घ्या) आणि एक्का-सत्तीवर. एक्का अकरा धरून अठरा झाले म्हणून मी खुशाल थांबायचो. डीलरकडे 9, 10 किंवा एक्का असेल तर कार्ड तिथेही पान घ्यायला सांगतं.

खरी पंचाईत टेबलावर. आपले 16, डीलरचा दहा (गुलाम, राणी, राजाही दहाच). पान घेतलं तर बहुतेक वेळा 21 च्या वर जाऊन बुडणार, आणि चारचौघांसमोर आपल्या हाताने बुडायला नको वाटतं. पण थांबूनही हरायचंच असतं. पान घेतल्यावर किंचित कमी. आठ-आठची जोडी दहासमोर फोडायची, म्हणजे हरणाऱ्या हातावर आणखी पैसे लावायचे. हे पटायला मला चार महिने लागले. इन्शुरन्सला (डीलरचा एक्का दिसला की त्याचं झाकलं पान दहा निघेल अशी वेगळी पैज) मात्र पहिल्या दिवसापासून हात लावला नाही. तो दोनास एक देतो, आणि डीलरच्या झाकल्या पानात दहा निघण्याची शक्यता तिनात एकाहून कमी.

तक्रार एकच, पण मोठी. माझं कार्ड डीलर सॉफ्ट 17 वर (एक्का अकरा धरून झालेले 17) थांबतो असं धरून छापलेलं. मी बसतो तिथे तो पान घेतो, तसं टेबलाच्या कापडावरच लिहिलेलं असतं. त्यामुळे एक्क्यासमोर माझे 11 असताना दुप्पट करायचं, तिथे कार्ड नुसतं पान घ्या म्हणतं. हे जूनमध्ये लक्षात आलं!

आणखी एक गोष्ट कार्डावर नसते. नीट खेळलं तर कॅसिनोचा वरचष्मा साधारण अर्धा टक्का. 15 डॉलरची पैज, तासाला 60 डाव, म्हणजे सरासरी साडेचार डॉलर गेले. (सरासरी हं. एकही चूक न करता मी एका तासात 200 घालवलेत.) पण ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहा) 3:2 ऐवजी 6:5 देणारं टेबल असेल तर दर ब्लॅकजॅकमागे साडेबावीसच्या जागी 18 मिळतात. तासाला असे तीनेक येतात. म्हणजे आणखी साडेतेरा डॉलर गेले, कार्ड कितीही पाठ असो. म्हणून हल्ली खुर्ची ओढायच्या आधी कापड वाचतो.

कार्ड बघायला तिथे कुणी हरकत घेत नाही. फक्त दर डावाला शोधत बसलं की शेजारी चुळबुळतात. पाचपैकी चार तारे. आता डीलर सॉफ्ट 17 वर पान घेतो असं धरून छापलेलं नवं घेतलंय. जुन्यावर चुकणाऱ्या चौकटी मार्करने रंगवून ते मेहुण्याला दिलं.