चोखंदळ मांजरीसाठी भरपूर प्रथिनांचा खाऊ : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या घरात दोन मांजरे आहेत. बंड्या समोर ठेवलेले काहीही खातो, त्यामुळे हा अनुभव मुख्यतः मनीचा आहे. मनीचे वजन चार किलोच्या आसपास आहे, प्रकृती उत्तम आहे आणि खाण्याच्या बाबतीत ती कमालीची चोखंदळ आहे. तिचे रोजचे जेवण तेच ठेवून गेले काही महिने मी तिच्या वरच्या खाऊसाठी फ्रीझ-ड्राइड, म्हणजे गोठवून सुकवलेले, चिकन, चाटून खायचे क्रीमसारखे ट्रीट, कुरकुरीत बिस्किटे आणि घरी उकडलेले चिकन असे प्रकार आलटून पालटून वापरले. माझी पसंती फ्रीझ-ड्राइड चिकनला आहे, पण काही अटींसह.

मांजर हा पूर्णतः मांसाहारावर जगणारा प्राणी आहे. आहारात प्रथिने कमी पडली तरी मांजराचे यकृत प्रथिने जाळण्याचा वेग फारसा कमी करू शकत नाही. टॉरिन हे अमिनो आम्ल मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते प्राणिज पदार्थांतूनच मिळावे लागते, आणि ते दीर्घकाळ कमी पडल्यास हृदयाच्या स्नायूला व डोळ्याच्या पडद्याला इजा होते. गोड चव तर मांजराला कळतच नाही. म्हणून खाऊमध्ये साखर किंवा सिरप दिसले की ते पाकीट मी परत ठेवते.

‘हाय प्रोटीन’ ही पाकिटावरची मोठी अक्षरे मात्र मी आता वाचत नाही. खरी माहिती मागच्या बाजूला बारीक टाइपात असते आणि तिथेही थोडे गणित करावे लागते. एका क्रीमच्या पाकिटावर प्रथिने ९ टक्के आणि ओलावा ८५ टक्के लिहिला होता, तर बिस्किटांवर प्रथिने ३२ टक्के आणि ओलावा ८ टक्के. वरवर पाहता बिस्किटे कितीतरी सरस वाटतात. परंतु पाणी वजा करून हिशेब केला, म्हणजे ९ ला १५ ने आणि ३२ ला ९२ ने भागले, तर क्रीममध्ये कोरड्या भागाच्या ६० टक्के प्रथिने निघतात आणि बिस्किटांमध्ये जेमतेम ३५ टक्के. शिवाय ‘क्रूड प्रोटीन’ हा आकडा पदार्थातील नायट्रोजन मोजून, त्याला ६.२५ ने गुणून काढलेला असतो. ते प्रथिन कोंबडीचे आहे, वाटाण्याचे आहे की गव्हाच्या ग्लुटेनचे, हे त्यातून समजत नाही. त्यासाठी घटकांची यादीच पाहावी लागते. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ताज्या मांसाच्या वजनात बराचसा भाग पाण्याचा असतो, त्यामुळे ‘ताजे चिकन’ पहिल्या क्रमांकावर असूनही त्यामागचे तीन-चार घटक पिठाचे असू शकतात.

बिस्किटांबद्दल थोडक्यात सांगायचे तर बंड्याने ती आनंदाने खाल्ली, मनीने हुंगून सोडून दिली.

फ्रीझ-ड्राइड चिकनमध्ये मांस गोठवून अतिशय कमी दाबाखाली ठेवतात, त्यामुळे त्यातील बर्फाची थेट वाफ होऊन ते कोरडे होते. यादीत ‘चिकन’ एवढा एकच शब्द असलेले पाकीट मी निवडले. सुरुवातीला मनीने तुकडा हुंगला, जिभेचे टोक लावले आणि नको असलेल्या अन्नाभोवती मांजरे करतात तशी पंजाने फरशी खरवडायला लागली. तो पांढुरका, थर्माकोलसारखा हलका तुकडा कोरडा असताना त्याला वास फारसा येत नाही, आणि मांजराची पसंती आधी वासावर ठरते. मग मी तुकडा बोटांनी कुस्करला, त्यावर चमचाभर कोमट पाणी टाकले आणि थोडा वेळ थांबले. तंतू फुगून मऊ झाले, उकडलेल्या मांसासारखा वास सुटला आणि तिने बशी चाटूनपुसून स्वच्छ केली. शिकारीच्या शरीराइतके, म्हणजे ३८ अंशांच्या जवळचे ऊन अन्न मांजरांना आवडते. चोखंदळ मांजर पाळणाऱ्यांनी नवे पाकीट आणण्याआधी हे एवढे जरूर करून पाहावे.

आता अटींविषयी. या प्रक्रियेत साल्मोनेलासारखे जिवाणू मरतातच असे नाही. मांस कच्चे असेल तर ते सुकूनही टिकून राहतात. घरात लहान मूल, वृद्ध किंवा आजारी व्यक्ती असल्यास आधी शिजवलेले किंवा उच्च दाबाची प्रक्रिया केलेले उत्पादनच घ्यावे, हात व बशी साबणाने धुवावी आणि भिजवलेला खाऊ उरला तर लगेच टाकून द्यावा. दुसरी अट प्रमाणाची आहे. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी १० टक्क्यांहून अधिक कॅलरी वरच्या खाऊतून जाऊ नयेत, असा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. मनीची दिवसाची गरज सुमारे २०० कॅलरी धरली, तर खाऊच्या वाट्याला २० कॅलरी येतात, म्हणजे असे सुके चिकन जेमतेम ५ ग्रॅम. तुकडे इतके हलके असतात की हाताला अंदाज येत नाही, म्हणून मी ते वजनकाट्यावर मोजते. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते, त्यामुळे मांजराला ते कितीही आवडले तरी जेवणाची जागा त्याला देता येत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मांजराला तर असा खाऊ डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये.

क्रीमचा उपयोग मी मर्यादित ठेवला आहे. त्यात स्टार्च आणि दाटपणा आणणारे डिंक असतात, पण औषधाची गोळी पोटात घालवायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. ट्यूना असलेले प्रकार मात्र मी क्वचितच देते. माशात पाऱ्याचा अंश असतोच, आणि शिवाय त्याची चटक लागलेले मांजर इतर अन्नाकडे पाठ फिरवते. यकृताचे तुकडेही थोडेच बरे, कारण त्यातील अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते.

घरी उकडलेले चिकन मनीला तितकेच आवडते. मीठ, कांदा, लसूण काहीही न घालता आणि हाडे पूर्ण काढूनच ते द्यावे. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि त्यांची पूडही तितकीच घातक असते. २० कॅलरींच्या मर्यादेत असे चिकन साधारण १२ ग्रॅम बसते, शिवाय त्यातून पाणीही पोटात जाते. अडचण एवढीच की ते रोज ताजे करावे लागते.

इतक्या महिन्यांत मनीचे वजन स्थिर राहिले आहे आणि ती जेवणही पूर्ण संपवते. खाऊमुळे अंगावरची लव चमकू लागली, असे मी म्हणणार नाही. तसा फरक मला दिसलेला नाही. आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते : एरवी व्यवस्थित खाणाऱ्या मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर त्याला चोखंदळपणा समजून नवनवे खाऊ पुढे करत बसू नये. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात काही दिवसांतच चरबी साठून जिवावर बेतू शकते, तेव्हा थेट डॉक्टरांकडे जावे.

सध्या फ्रीझ-ड्राइड चिकनचे लहानच पाकीट घेते, कारण एकदा उघडले की दमट हवेत ते मऊ पडते. पाकिटाच्या तळाशी जी पूड उरते, ती मनीच्या जेवणावर भुरभुरते.