‘ईसीएम गेला’ म्हणाले, प्रत्यक्षात सोलली होती एक वायर

चालता चालता गाडी बंद पडायची आणि थोड्या वेळाने आपसूक सुरू व्हायची. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, तर तीन-चार सेन्सरचे बिघाडाचे कोड एकदम आले. “एवढे सेन्सर एकाच वेळी जातात का? ईसीएमच गेलाय,” असं त्याचं म्हणणं. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर. ऐकायला अगदी पटण्यासारखं. ‘नवा’ ईसीएम बसला, गाडी सुरू झाली, घसघशीत बिल हातात आलं. जुना मागितला, तर म्हणे तो कंपनीत जमा करावा लागतो.

काही आठवड्यांनी पुन्हा तेच कोड. या वेळी गाडी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने आधी मल्टिमीटर काढला. ईसीएम बऱ्याच सेन्सरना ५ व्होल्टचा पुरवठा करतो आणि एकाच लाइनवर अनेक सेन्सर असतात. ती लाइन कुठेही बॉडीला टेकली की त्यावरचे सगळे सेन्सर एका दमात बोंब मारतात. म्हणजे ज्या गोष्टीला गॅरेजवाला ईसीएम गेल्याचा पुरावा म्हणत होता, ती खरं तर वायरिंग तपासायची खूण होती!

लाइनवर व्होल्टेज जवळपास शून्य. त्याने एकेक सेन्सरचा कपलर काढून पाहिला, फरक पडेना, म्हणजे दोष सेन्सरमध्ये नव्हता. वायरिंग हलवलं आणि ५ व्होल्ट परत आले. ब्रॅकेटला घासून एका वायरचं इन्सुलेशन सोललं होतं. ईसीएम बदलताना वायरिंग हललं असणार, म्हणून गाडी तेवढ्यापुरती बरी झाली होती.

पण खरी चोरी पुढेच होती. स्कॅनरवर ईसीएममधला चॅसिस नंबर वाचला, तर तो गाडीवर कोरलेल्या नंबरशी जुळेना. दुसऱ्याच गाडीतून काढलेला माल! असा ईसीएम आपल्या किल्लीतली चिप ओळखत नाही, त्यामुळे इंजिन सुरू होऊ देत नाही. नीट करायचं तर प्रोग्रॅमिंग करून किल्ली नव्याने जोडावी लागते. गॅरेजवाल्या महाशयांनी सॉफ्टवेअरमधून इमोबिलायझरच, म्हणजे किल्लीची चिप तपासणारी चोरीविरोधी सोयच, काढून टाकली होती. चिप नसलेल्या साध्या डुप्लिकेट किल्लीनेही गाडी सुरू झाली. पैसे गेल्यापेक्षा मला याचाच जास्त राग आला.

जाब विचारला, तर उत्तर एकच, “गाडी चालत होती ना?” बिलावर नुसतं ‘ईसीएम काम’, नवा की जुना, पार्ट नंबर काय, काही नाही. माझा मूळ ईसीएम धडधाकट होता. तो आता कुणाच्या गाडीत ‘नवा’ म्हणून बसलाय, देव जाणे.

ईसीएम क्वचितच जातो, गेला तर बहुधा पाणी शिरल्याने किंवा चुकीच्या जोडणीने. बदला म्हणाले, तर आधी फ्यूज, रिले, अर्थिंग आणि ५ व्होल्टची लाइन तुमच्यासमोर मोजायला लावा. जुन्या ईसीएमच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. पैसे देण्याआधी नव्यातला चॅसिस नंबर स्कॅनरवर दाखवायला सांगा आणि पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या.