समुद्रात पिल्लं सोडायची की जाळी आवरायची?

हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रात, जन्मलेली माशांची पिल्लं समुद्रात सोडण्याचा कार्यक्रम मोठा देखणा असतो. फोटो निघतात, टाळ्या पडतात. त्यातली किती पिल्लं पुढे जाळ्यात येण्याएवढी वाढली, हे विचारायला मात्र सहसा कोणी फिरकत नाही. तुमच्या मच्छीमार संस्थेसमोर असा प्रस्ताव असेल तर पैसे मंजूर करण्याआधी एक गोष्ट शोधा: मासळी कमी झाली ती नेमकी कोणत्या टप्प्यावर? अंडी घालणारे मासेच उरले नाहीत, पिल्लांना वाढायला जागा नाही, की वयात यायच्या आत ती जाळ्यात जातात? हॅचरी हे यातल्या पहिल्या दुखण्यावरचं औषध आहे. बाकीच्या दोन दुखण्यांवर ते दिलं तर पैसे अक्षरशः पाण्यात जातात.

नॉर्वेतल्या फ्लोडेविगन हॅचरीचं उदाहरण घ्या. तिथून 1884 पासून 1971 पर्यंत कॉड माशाची नुकती अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं समुद्रात सोडली जात होती. मासळी त्यामुळे वाढली, हे काही ठामपणे सिद्ध झालं नाही. मोठी कॉड मादी एका हंगामात लाखोंनी अंडी घालते. त्यात हॅचरीची भर म्हणजे दर्यात खसखस.

मग पिल्लं मोठी करून सोडली तर? ती जास्त जगतात, पण खाद्य, वीज आणि रोगांवरची देखरेख यांचा खर्चही तेवढाच वाढतो. हवाईत बोय माशांवर झालेले प्रयोग इथे कामाचे आहेत. उन्हाळ्यात सोडलेल्यांपैकी लहान पिल्लं नंतर क्वचितच सापडली, मोठी टिकली. मात्र निसर्गातली पिल्लं किनाऱ्याला येण्याच्या हंगामाशी जुळवून सोडल्यावर लहानांचंही बरं चाललं. म्हणजे आकड्यापेक्षा आकार आणि वेळ महत्त्वाची. प्रस्तावात ‘किती लाख’ एवढंच लिहिलं असेल आणि ‘केव्हा, केवढी, कुठे’ नसेल, तर तो परत पाठवावा.

पिल्लं सोडण्याचं खरं यश पाहायचं तर जपानच्या होक्काइदोतले स्कॅलॉप शिंपले पाहावेत, जरी तिथली पिल्लं हॅचरीतली नसून समुद्रातूनच गोळा करून वाढवलेली असतात. तिथे समुद्रतळाचे भाग पाडतात, आधी तारामासे काढून टाकतात, वर्षभराचे शिंपले सोडतात आणि काही वर्षांनी पाळीपाळीने काढतात. शिंपला फार लांब जात नाही, त्यामुळे सोडणाऱ्यालाच तो मिळतो. भटक्या माशाचं तसं नसतं. तुम्ही सोडलेला मासा शेजारच्याच्या जाळ्यात जाईल. कॅलिफोर्नियात व्हाइट सीबास माशाची वीस लाखांहून अधिक पिल्लं सोडली गेली, तरी 2017 च्या मूल्यमापनात पकडीतला त्यांचा वाटा एक टक्क्याच्याही आत निघाला.

आणखी एक धोका आहे, तो लवकर दिसत नाही. अमेरिकेतल्या हूड नदीतल्या स्टीलहेड ट्राउटवरच्या 2007 च्या अभ्यासात, बंदिस्त जागेत वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे निसर्गातली प्रजननक्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली आढळली. तेव्हा मोजकेच प्रजनक मासे वर्षानुवर्षं वापरणारी हॅचरी स्वस्तात मिळाली, तरी नकोच.

दुसरी वाट मासेमारी आवरण्याची: बंदी, जाळ्याचे आस (भोकं) मोठे, लहान मासा परत पाण्यात. ती कोणालाच आवडत नाही, कारण तिथे घरातली चूल थंडावते. पिल्लं सोडण्यात कोणाला थांबावं लागत नाही. लोकांची पसंती कुठे जाते ते यावरून कळतंच. पण अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात स्ट्राइप्ड बास मासा घटला तेव्हा 1982 साली जन्मलेल्या पिढीला एकदा तरी अंडी घालता यावीत, अशी बंधनं आखली गेली. तिथल्या मेरीलँड राज्याने 1985 ते 1990 मासेमारीच बंद ठेवली. थोडी पिल्लं त्या काळात सोडलीही गेली, तरी मुख्य आधार होता तो सुटलेल्या माद्यांचा. 1995 मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. पुढे 2019 पर्यंत त्याच माशाची पुन्हा अतिमासेमारी झाली, हेही खरं.

तिसरी वाट जागा सुधारण्याची, सर्वांत संथ. अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया राज्याच्या किनारी खाड्यांमधलं समुद्री गवत 1930 च्या दशकात रोग आणि वादळाने गेलं, त्यासोबत तिथले स्कॅलॉपही गेले. 1999 पासून गवताच्या सात कोटींहून अधिक बिया पेरल्या गेल्या आणि हजारो हेक्टर पुन्हा हिरवे झाले. हॅचरीतले स्कॅलॉप तिथे सोडले, पण गवत आल्यावर. मला हा क्रमच सर्वांत पटतो.

माझं मत सरळ आहे. शिंपल्यासारखा एका जागी राहणारा जीव असेल आणि त्या तळावर हक्क तुमच्याच संस्थेचा असेल, तर पिल्लं सोडण्यावर खर्च करा. भटका मासा असेल आणि प्रौढ मासे उरलेले असतील, तर आधी बंदी. साठा जवळजवळ संपलाच असेल तर दोन्ही एकदम, पण सोडलेल्या पिल्लांवर खूण हवी: नाकात बसणारी बारीक तार किंवा कानातल्या हाडावर तापमान बदलून उमटवलेल्या रेघा. खुणेचा आणि नंतरच्या मोजणीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. तो कापला जात असेल तर पिल्लांचीही ऑर्डर देऊ नका.