ऑलिगोक्लोनल बँड तपासणी : एका लॅबचा आमचा अनुभव

धाकट्या बहिणीच्या एका डोळ्याची नजर अंधुक झाली, एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसले आणि न्यूरोलॉजिस्टनी मल्टिपल स्क्लेरोसिसची (प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते, त्या आजाराची) शंका घेतली. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून ते पुण्यातल्या एका लॅबमध्ये ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे प्रतिपिंडांचे पट्टे, तपासायला दिलं.

या लॅबचं मला मनापासून कौतुक वाटलं ते काउंटरवरच्या ताईंमुळे. नुसतं पाणी घ्यायला त्यांनी ठाम नकार दिला. "त्याच वेळचं रक्तही हवं, नाहीतर रिपोर्टला अर्थ नाही," म्हणाल्या. अगदी बरोबर! आयसोइलेक्ट्रिक फोकसिंगमध्ये (विजेच्या मदतीने प्रथिनं वेगळी करायच्या पद्धतीत) दोन्ही नमुने शेजारी शेजारी चालवतात. प्रथिनांचे पट्टे फक्त पाण्यात दिसले, तर ती प्रतिपिंडं मज्जासंस्थेतच तयार होताहेत. दोन्हीकडे सारखेच दिसले, तर कारण शरीरात इतरत्र शोधायचं.

रिपोर्टवर मात्र मी नाराज आहे. 'पॅटर्न टाइप २' एवढंच छापलं होतं. म्हणजे पट्टे फक्त पाण्यातच आहेत, रक्तात नाहीत, ही एक ओळ लिहायला काय हरकत होती? घरचे रात्रभर घाबरून बसले. शिवाय हे पट्टे इतर आजारांतही दिसतात, हेही लिहायलाच हवं. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निदानाच्या २०१७च्या मॅकडोनाल्ड निकषांत त्यांना महत्त्व मिळालं, पण लक्षणं आणि एमआरआय यांच्या जोडीनेच. आमच्या डॉक्टरांनी म्हणूनच अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग प्रतिपिंडंही तपासून घेतली, कारण ती ज्यांत सापडतात त्या मिळत्याजुळत्या आजारांचे उपचार वेगळे.

कापा फ्री लाइट चेन (प्रतिपिंडांचा एक सुटा भाग मोजणारी चाचणी) इथे होत नाही. नव्या निकषांत तीही आली आहे, उत्तर थेट आकड्यात मिळतं. लॅबने ती लवकर सुरू करावी.

पाचपैकी चार तारे.