पीएनपीएम वर्कस्पेस : वर्षभर वापरून

पीएनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं (कोडचे तयार तुकडे) आणून जोडणारं साधन, आणि त्याचं वर्कस्पेस म्हणजे अशी अनेक पॅकेजं एकत्र ठेवायची सोय. आम्ही तिघं मिळून दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. काउंटरसाठी एक ॲप, संघाच्या ऑफिससाठी दुसरं, शेतकऱ्याच्या मोबाइलवर तिसरं. दर काढायचं गणित तिन्हीकडे एकच : ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरायचं आणि प्रत्येक पॉइंटला पैसे वर-खाली. तो कोड मी तीन ठिकाणी चक्क कॉपी करून ठेवला होता. मग राउंडिंगची चूक दोन ठिकाणी दुरुस्त केली, तिसरीकडे विसरले. पावतीवर एक आकडा, मोबाइलवर दुसरा. फरक १२ पैशांचा, पण पहाटे रांगेत उभ्या माणसाला तो समजावून बघा!

आता सगळं एका रेपोत, म्हणजे कोडच्या एकाच साठ्यात, आहे. दर-गणित हे वेगळं पॅकेज, आणि तिन्ही ॲप ते 'वर्कस्पेस:*' लिहून घेतात. कुठे पब्लिश करायला नको, आत बदल केला की लगेच दिसतो.

मला सर्वांत आवडला तो याचा कडकपणा. एनपीएम हे पॅकेजं आणायचं नेहमीचं साधन सगळ्या लायब्ररी वरच्या एकाच फोल्डरात ओततं, त्यामुळे आपण यादीत न लिहिलेलीही बिनबोभाट चालून जाते. शेजारणीची वाटी न विचारता उचलून आणावी तसं. पीएनपीएम ते चालू देत नाही. पहिल्या दिवशी नऊ ठिकाणी कोड अडला. वैतागले, पण नऊही वाट्या आमच्याच घरात निघाल्या.

मग मला तुकडे पाडायचा नादच लागला. अकरा पॅकेजं झाली, त्यातल्या एकात फक्त तारीख छापायचं फंक्शन. २०१६ साली लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज एनपीएमच्या ऑनलाइन साठ्यावरून काढलं गेलं तेव्हा जगभर बिल्ड (कोडपासून ॲप तयार करायचं काम) अडली होती. तो किस्सा मीच नवीन पोरांना रंगवून सांगते, आणि स्वतः हे उद्योग! आता चारच ठेवलीत. निदान दोन ॲपना लागत नसेल ते बाहेर काढत नाही.

'फिल्टर', म्हणजे कमांड ठरावीक पॅकेजांपुरतीच चालवायची सोय, मात्र जपून शिकून घ्या. दर-गणिताला हात लागला तर तिन्ही ॲपच्या टेस्ट चालतात, ऑफिसचा रिपोर्ट बदलला तर एकट्या ऑफिसच्या. डॉकरमध्ये (ॲप डब्यात बंद करून चालवायचं साधन) सिमलिंकमुळे, म्हणजे खऱ्या फाइलऐवजी तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यांमुळे, आमचे दोन दिवस गेले. तिथे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका फोल्डरात गोळा करणारी 'डिप्लॉय' कमांड वापरायची असते, हे आम्ही डॉक्युमेंटेशनमध्ये तिसऱ्या दिवशी वाचलं.