प्रतिनिधींचा हिशेब उलगडणारे ‘द ग्रीन पेपर्स’

अमेरिकेतील अध्यक्षपदाच्या उमेदवारीची लढत समजून घेऊ इच्छिणाऱ्यांना ‘द ग्रीन पेपर्स’ हे संकेतस्थळ मी आग्रहाने सुचवेन, कारण कोणत्या राज्यात कोणाला किती मते मिळाली एवढ्यावर न थांबता त्या मतांचे उमेदवार निवडणाऱ्या पक्ष-अधिवेशनातील प्रतिनिधींमध्ये रूपांतर कसे होते, हे ते राज्यवार गणितासह दाखवते. नियम काय करू शकतात ते पाहा: 2016 मध्ये दक्षिण कॅरोलिनात ट्रम्प यांना सुमारे साडेबत्तीस टक्के मते मिळाली, तरी रिपब्लिकन नियमांमुळे राज्याचे सर्व 50 प्रतिनिधी त्यांच्याकडे गेले. डेमोक्रॅटिक पक्षात 15 टक्क्यांची अट ओलांडणाऱ्यांमध्ये प्रमाणशीर वाटप होते. त्यामुळे 2008 मध्ये छोट्याशा आयडाहोत ओबामांनी मोठ्या मताधिक्याने मिळवलेली 12 प्रतिनिधींची आघाडी न्यू जर्सीसारख्या मोठ्या राज्यातील हिलरी क्लिंटन यांच्या 11 च्या आघाडीहून सरस ठरली. चार प्रतिनिधींच्या मतदारसंघात दुरंगी लढतीत तिसरा प्रतिनिधी मिळवण्यासाठी साडेबासष्ट टक्क्यांच्या पुढे जावे लागते, ही बाब तर वृत्तवाहिन्यांवर क्वचितच ऐकू येते.

मांडणी जुन्या धाटणीची आहे, तक्ते दाट आहेत आणि नवख्या वाचकाला संक्षिप्त रूपे अडखळवतात. तरीही जुन्या निवडणुकांची पाने जपून ठेवलेली असल्यामुळे नियमांतील बदल वर्षागणिक ताडून पाहता येतात, आणि अभ्यासकासाठी हे मोल फार मोठे आहे.