'अ स्टोरी, अ स्टोरी': चित्रांचं पुस्तक, पण आधी कानांसाठी

घानातल्या अकान लोकांची ही कथा. जगातल्या साऱ्या गोष्टी आकाशदेव न्यामेने सोन्याच्या पेटीत ठेवलेल्या. त्या मागायला म्हातारा कोळी (मासेमार नव्हे, कोळिष्टकवाला) अनान्से जाळं विणून वर चढतो. न्यामे किंमत सांगतो: ओसेबो बिबट्या, म्बोरो गांधीलमाश्या आणि कुणालाच न दिसणारी परी म्मोआतिया. गेल हेली यांचं हे पुस्तक १९७० सालचं. १९७१ मध्ये त्याला चित्रपुस्तकांसाठीचं अमेरिकेचं कॅल्डिकॉट पदक मिळालं. चार ते आठ वर्षांच्या मुलांना आफ्रिकेच्या पुराणकथांची ओळख करून द्यायची तर सुरुवात इथून करावी. लाकडी ठशांची चित्रं ठसठशीत आहेत, मागच्या रांगेतूनही दिसतात.

खरी मजा युक्त्यांत. अनान्से केळीचं पान डोक्यावर धरतो, तुंब्यातलं थोडं पाणी स्वतःवर आणि उरलेलं गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर ओततो, आणि म्हणतो, पाऊस आलाय, पंख भिजतील, तुंब्यात या! सगळ्या आत शिरल्या की गवताचा बोळा. परीसाठी चीक फासलेली लाकडी बाहुली, तिच्या हातात कुटलेल्या कंदाचं भांडं, मानेला बांधलेला वेल. वेल ओढला की बाहुली मान डोलावते. परी आभार मानते, बाहुली गप्प. परी चिडून थप्पड मारते आणि हात चिकटतो! इथे मुलं हमखास ओरडतात, त्यांना ओरडू द्यावं.

मराठीत सांगताना दोन चुका होतात. पहिली, तिसरा शब्द गाळणं. पुस्तकात जोर द्यायला एकच शब्द तीनदा येतो, कारण त्याने अर्थ वाढतो. आपण 'इवला इवला'वर थांबतो, इथे तिसरा 'इवला' गाळू नये. दुसरी, 'म्मोआतिया'चं 'मोआतिया' करणं. ओठ मिटून 'म्म' लांबवा.

एक तक्रार आहेच. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅट्रे यांनी १९३० मध्ये छापलेल्या असांते (अकानांपैकीच एक समाज) कथेत अजगरही पकडायचा असतो आणि युक्त्या सुचवते अनान्सेची बायको आसो. इथे अजगर गेला, आसोही गेली. सगळी हुशारी नवऱ्याच्या नावावर! सांगणाऱ्याने तिला परत आणायला हरकत नाही. तोंडी कथेला ते चालतं.

शेवटचं पान मात्र घाईने उलटू नका. गोष्ट गोड लागो न लागो, थोडी पुढे न्या, थोडी माझ्याकडे येऊ द्या, अशा अर्थाचं समापन तिथे आहे. आपल्या 'साठा उत्तराची कहाणी'सारखंच ते ठेक्यात म्हणायचं.